मिरचीचं बी धरायचं म्हणजे

आधीच सांगून टाकते, मला फार तिखट झेपत नाही. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत घेणारी घरात मी एकटीच. त्यामुळे ‘हिला कुठून हा मिरच्यांचा नाद लागला’ असं घरच्यांना वाटलं तर त्यात नवल नाही. मला मिरची झाडावर बघायला आवडते. आणि तिचं बी हातात आलं की ते कोणी धरलं, कुठल्या मातीतलं आहे, आता पुढे कुणाकडे जाईल, यात मन रमतं. पुण्यात गच्चीवर सुरू झालेला हा उद्योग आता चांगलाच पसरलाय. मिरची लावणारे पुष्कळ ओळखीचे आहेत, पण बी धरून दुसऱ्याला देणारे त्यात बोटांवर मोजण्याइतके. हे दुसरं काम भलतंच किचकट आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

या नादात साधारण दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिले आकडेवाले. आसाम-नागालँडकडच्या भूत झोलोकियाने २००७ साली दहा लाख स्कोव्हिलचा (हे तिखटपणा मोजायचं एकक) टप्पा ओलांडून गिनीजमध्ये नाव लावलं, तेव्हापासून यांची झोप उडालेली. २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आली, २०२३ मध्ये पेपर एक्स, तिचा आकडा जवळजवळ सत्तावीस लाखांचा. यांना फक्त आकडा हवा असतो. दुसरे गावरानवाले. आजोळची मिरची, भिवापुरी, संकेश्वरी, लवंगी, गोव्याची खोला मिरची, सिक्कीमची गोल गरगरीत डल्ले, केरळची पांढरी कांथारी. मी या दुसऱ्या गोटातली. पण देवाणघेवाण करायची तर दोघांशी जमवून घ्यावं लागतं, कारण आकडेवाल्यांकडे जाती खूप असतात आणि गावरानवाल्यांकडे माहिती.

पहिलं बी आलं मावशीकडून, संकेश्वरीचं. ती गडहिंग्लज तालुक्यात असते. संकेश्वर सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात, पण त्या मिरचीचे सौदे गडहिंग्लजच्या बाजार समितीतही निघतात आणि दोन्हीकडचे लोक तिला आपलीच म्हणतात. लांब, बारीक, सुरकुतलेली, वाळली की गडद लाल. कोल्हापूरकडे कांदा-लसूण चटणी करताना बायका ‘जवारीच’ म्हणजे गावरानच ‘पाहिजे’ म्हणून अडून बसतात, ती हीच. मी गच्चीवर लावणार म्हटल्यावर मावशी हसली. “कुंडीत कशाला लावतीस ती? हिकडं बांधाकडंला मोप जागा हाय की.” पण बी दिलं, आणि देताना एक गोष्ट सांगितली जी मी आजतागायत पाळते: “बियाची मिरची तोडायची न्हाई. झाडावरच लाल होऊ दे, झाडावरच सुरकुतू दे.” तिच्या रानात बियाण्याच्या झाडाला लुगड्याची चिंधी बांधलेली असते. घरच्यांनी किंवा मजुरांनी चुकूनही त्यावर हात टाकायचा नाही, ही त्याची खूण. चिंधी कुठल्या झाडाला, तर ज्याची पानं शेवटपर्यंत सरळ राहिली त्याला. सगळ्यात जास्त मिरच्या लागलेल्या झाडाला बांधावी असं मला वाटायचं. मावशीचा हिशेब वेगळा, आणि पानं चुरडणारा बोकड्या रोग ज्याने पाहिलाय त्याला तो लगेच पटेल.

बाजारातून बी मिळवायचे दोन सोपे रस्ते दिसतात, दोन्ही फसवे आहेत. कृषी सेवा केंद्रातली रंगीत पाकिटं बहुतेक संकरित वाणांची असतात. झाड छान येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर एकाच कुंडीच्या रांगेत उंच, बुटकी, तिखट, अळणी अशी सगळी भावंडं उगवतात. दुसरा रस्ता म्हणजे लालबागच्या मसाला गल्लीतून किंवा मंडईतून वाळलेली मिरची आणून तिचं बी पेरायचं. उन्हात वाळवलेली ताजी मिरची असेल तर बी उगवतंही. पण पोत्यावर ब्याडगी लिहिलं म्हणजे आतली मिरची मूळ ब्याडगीच असेल असं नाही. असं बी मी शिकण्यासाठी लावते, दुसऱ्याला देत नाही.

तिसरा रस्ता आकडेवाल्यांच्या आवडीचा आहे: परदेशातून पाकीट मागवायचं. त्याबद्दल थोडं कडक बोलते. बियाणं आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटीन) आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारी यंत्रणेचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ग्रीटिंग कार्डाच्या आत लपवून आलेल्या बीला यातलं काहीच नसतं. हा नुसता कागदी जाच नाही. मिरचीवरचे काही विषाणू बीच्या सालीवर बसून प्रवास करतात. थ्रिप्स पार्व्हिस्पिनस नावाच्या बाहेरून आलेल्या फुलकिड्याने २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात मिरचीच्या रानांची काय दशा केली ते आठवलं, तर हौसेपायी नवा पाहुणा आणायची हिंमत होऊ नये. इथल्या इथे इतक्या जाती फिरताहेत की आयुष्य पुरणार नाही.

आता पेरणी. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले. त्यात रोपांखाली गरम चटई, वर जांभळे दिवे. पुण्यात मे महिन्यात रोपाला ऊब कशी द्यायची हा प्रश्न नसतो, त्याला भाजण्यापासून कसं वाचवायचं हा असतो. मिरचीचं बी पंचवीस ते तीस अंशांत छान रुजतं. संकेश्वरी, ज्वाला, ब्याडगी या अॅन्युम प्रजातीतल्या जाती आठ-दहा दिवसांत डोकं वर काढतात. भूत झोलोकिया आणि तिची चिनेन्से प्रजातीतली भावंडं दोन आठवडे, तीन आठवडे, कधी महिनाभर ढिम्म. नवखी माणसं याच वेळी ट्रे उकरून बघतात किंवा कंटाळून पाणी ओतत राहतात. दुसरं जास्त घातक, कारण ओल जास्त झाली की उगवलेली रोपं मानेशी काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. मी कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत घेते, त्यात ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळते, आणि पाणी ट्रेच्या खालून देते.

हंगामाचा हिशेब मात्र बीच्या बाजूने उलटा मांडावा लागतो. खायची मिरची वर्षभर कधीही घ्या. बियाण्याची मिरची पिकताना हवा कोरडी हवी, नाहीतर फळावर काळपट खोलगट डाग पडतात, फळकूज होते, आणि ती बुरशी बीबरोबर पुढच्या माणसाच्या गच्चीवर जाते. म्हणून मे महिन्यात पेरणी, जूनच्या अखेरीस मोठ्या पिशवीत लावणी, गणपतीच्या सुमारास फुलोरा, आणि दिवाळीनंतर लाल फळ. एप्रिलच्या उन्हात फुलं आली तर निम्मी अधिक गळूनच जातात.

बोकड्याशिवाय मिरचीची गोष्ट पुरी होत नाही. पानं आकसतात, शेंडा बोकडाच्या कानासारखा मुडपतो आणि वाढ थांबते. शेजारचे काका ‘औषध मार’ म्हणतात, पण कशावर मारायचं ते आधी बघायला हवं. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या, होडी उपडी झाली, देठ लांबला, तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, जाळं विणणारा कोळी नव्हे. कोळ्यावर पाण्यात विरघळणारं गंधक चालतं. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. मी सकाळी पांढरा कागद घेऊन गच्चीवर जाते आणि फूल त्यावर हलकं टिचकवते. कागदावर चालत्या स्वल्पविरामासारखे किडे दिसले की त्या दिवसाचं काम ठरलं. आणि पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असेल, पानं पिवळट जाळीदार होऊन चुरडली असतील, तर कुठलंच औषध नाही. झाड उपटायचं. जात कितीही दुर्मिळ असली तरी उपटायचं, आणि त्या झाडाचं बी धरायचं नाही.

यापुढचा भाग म्हणजे खरं बी धरणं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरू शकतं, त्यामुळे अनेकांना वाटतं की काळजीचं कारण नाही. पण गच्चीवर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या येतात आणि त्यांना जातपात नसते. बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांत मिरचीच्या प्रमाणित बियाण्यासाठी दोन शेतांत दोनशे मीटर अंतर मागितलंय, आणि ज्यापासून ते प्रमाणित बी तयार करतात त्या पायाभूत बियाण्यासाठी चारशे. माझी गच्ची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम वीस पावलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ढोबळी मिरची लवंगीशेजारी लावली की ढोबळी तिखट होते, असं सर्रास सांगतात. होत नाही. फळ आईचं असतं. परकं पराग आलं तरी त्या वर्षीचं फळ अगदी जातिवंत दिसतं, चवीलाही तसंच. संकर लपलेला असतो तो आतल्या बीत, आणि तो कळतो पुढच्या वर्षी, तेही ज्याने ते बी पेरलं त्याला. या धंद्यातली सगळी गोम यात आहे. देणाऱ्याने प्रामाणिकपणे दिलेलं बी चुकीचं निघू शकतं, आणि तोवर त्याने ते आणखी दहा जणांना वाटलेलं असतं.

म्हणून पोटल्या. हळदीकुंकवाला वाण देताना वापरतात त्या जाळीच्या, दोरी ओढून बंद होणाऱ्या पोटल्या तुळशीबागेत डझनाने मिळतात. कळ्या टपोऱ्या झाल्या पण एकही उमललेली नाही अशी फांदी बघायची. आधीची उमललेली फुलं आणि धरलेली बारीक फळं खुडून टाकायची. मग पोटली चढवून दोरी आवळायची. रोज सकाळी पोटलीला दोन टिचक्या, आत पराग झडतो. हिरवी टाचणीएवढी फळं दिसली की पोटली काढायची आणि लगेच त्या देठांना रंगीत लोकर बांधायची. पोटलीत न धरलेली मिरची खायला, लोकरीची बियाला. भूत झोलोकियाला लाल लोकर, कांथारीला पांढरी, असा माझा खाक्या.

संकेश्वरीला मात्र हा उपाय पुरत नाही. गावरान जातीत झाडागणिक थोडा फरक असतोच, आणि तो राहायलाही हवा. एकाच झाडाचं बी धरत गेलं तर जात अंग चोरत जाते. म्हणून तिचं बी मावशीच्या रानातच धरतो. तिचा मिरचीचा तुकडा तीन बाजूंनी उसाने वेढलेला आहे. वाऱ्याला, माश्यांना आणि शेजारच्या संकरित मिरचीला उसाची भिंत आडवी येते. पुस्तकात हा उपाय दोनशे मीटरइतका भरवशाचा धरत नसतील, पण चिंधीवाल्या वीस-पंचवीस झाडांचं एकत्र केलेलं बी अजून तरी जवारीच येतंय.

बी काढायचा दिवस मी सुट्टीचा ठेवते आणि घरच्यांना आधी सांगते. संकेश्वरीचं सोपं. वाळलेली मिरची चोळली की बी खाली. भूत झोलोकिया ओली कापावी लागते. हातमोजे दोन थरांचे, नाकावर मास्क, पंखा पाठीकडून खिडकीकडे वारा फेकणारा. देठाच्या खाली गोल चीर द्यायची आणि टोपी उचलायची; तिच्याबरोबर आतला पांढरट-पिवळा गाभा बाहेर येतो, त्याला बी चिकटलेलं असतं. तिखटपणाचं कोठार तो गाभा आणि त्याच्या कडेने फळाच्या आत उतरलेल्या शिरा. बी स्वतः तिखट नसतं, त्याला फक्त लागलेलं असतं. कधीकधी गाभ्यावर तेलाचे पिवळे बारीक थेंब चमकताना दिसतात. ते दिसले की मी श्वास धरते. मोजे काढल्यावरही आधी हाताला खोबरेल तेल चोळायचं आणि मग साबण. हे तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसत्या पाण्याने धुतलं तर ते फक्त पसरतं. त्या संध्याकाळी कॉन्टॅक्ट लेन्सना हात लावायचा नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

वाळवणं सावलीत, कागदी ताटलीत, रोज हलवत. थेट उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर बीचा जीव जातो, वरून मात्र काही कळत नाही. बी वाकवून बघायचं: वाकलं तर ओलं, कटकन तुटलं तर तयार. मग कागदी पुडीत, पुडी डब्यात, डब्यात सिलिका जेल. मावशी राखेत ठेवते, तेही चालतं.

आता देवाणघेवाण. देण्याआधी वीस बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवते आणि किती मोड येतात ते मोजते. कायद्याने मिरचीच्या बियाण्याची किमान उगवण साठ टक्के मागितलीय. माझ्याकडे त्याहून कमी आली तर ते बी वाटायचं नाही, स्वतःच दाट पेरायचं. पुडीवर मी काय लिहिते ते दाखवते: ‘संकेश्वरी जवारी. गडहिंग्लज तालुका. पंचवीस झाडांचं एकत्र, उसाच्या आडोशाला, पोटली नाही. डिसेंबर २०२४. उगवण २० पैकी १७.’ ‘पोटली नाही’ हे शब्द मुद्दाम. घेणाऱ्याला संकराची शक्यता किती ते कळलं पाहिजे. स्कोव्हिलचा आकडा मी लिहीत नाही. १९१२ साली विल्बर स्कोव्हिलने ही मोजणी काढली तेव्हा माणसं साखरपाण्यात मिरचीचा अर्क पातळ करत चाखत होती, आज यंत्रावर मोजतात. माझ्या गच्चीवर दोन्ही नाही. शिवाय एकाच जातीच्या दोन झाडांत, पाण्याचा ताण कमी-जास्त झाला की, तिखटपणा कितीतरी बदलतो.

इतरांची पाकिटं बघायची एक नजर हळूहळू तयार होते. पेपर एक्सचं बी विकायला आहे म्हटलं की तिथेच थांबायचं, कारण ते बी मूळ निर्मात्याने बाजारात सोडलेलंच नाही. मला एकदा रोकोटो म्हणून पिवळट बिया आल्या. रोकोटो ही प्युबेसेन्स प्रजातीतली मिरची, फुलं जांभळी आणि बी काळं कुळकुळीत. पेरायची गरजच पडली नाही. पाठवणाऱ्याला फोटो टाकला, तर तो म्हणाला, “मला ज्याने दिलं त्याने हेच नाव सांगितलं होतं.” खरंच असेल. निळ्याशार मिरचीचे फोटो लावून विकणाऱ्यांबद्दल मात्र एवढं औदार्य दाखवायची माझी तयारी नाही.

टपालाचंही एक तंत्र आहे. नुसत्या पाकिटात बी टाकलं तर शिक्का मारताना किंवा गठ्ठ्यात दाबलं जाऊन चुरा होतो. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मध्ये पुडी, कडेने चिकटपट्टी. एका पुडीत पंधरा-वीस बिया. बदल्यात बी, किंवा नुसतं टपालखर्चाचं.

पैसे घेऊन विकावं का, हा प्रश्न मी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारला. ते म्हणाले, “मॅडम, हौस म्हणून एकमेकांना द्या, कोण अडवतंय? पण दुकान मांडायचं असेल तर परवाना काढा.” बियाणे विक्रीसाठी १९८३ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतोच. शेतकऱ्याची गोष्ट निराळी: २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने त्याला स्वतःच्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. त्यामुळे आमची वाटणी अशी झाली: संकेश्वरीचं बी कुणाला विकत हवं असेल तर मावसभाऊ देतो, स्वतःच्या रानातलं, साध्या पुडीत. मी फक्त अदलाबदल करते. मला यात पैसा दिसत नाही आणि खरं सांगायचं तर पोटल्या, पुठ्ठे आणि टपाल धरून तो जातोच.

भिवापुरीचं बी असंच आलं. नागपूर जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण जुनं बी ठेवणारा माणूस शोधावा लागला. फोनवर मी किंमत विचारली. ते म्हणाले, “पैशाचं राहू द्या जी बाजूला. तुमच्याकडं कोणतं बेणं आहे ते सांगा.” संकेश्वरी म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिखटाचा नव्हता, रंगाचा होता: वर्षभर ठेवली तर लाली टिकते का? त्यानंतर अर्धा तास आम्ही साठवणुकीवर बोललो. बी आलं ते वर्तमानपत्राच्या तुकड्यात, आणि सोबत चार अख्ख्या मिरच्या, ‘खरं आहे का ते बघून घ्या’ म्हणून. हा रिवाज मी लगेच उचलला. आता जमेल तिथे पुडीबरोबर एक अख्खी वाळलेली मिरची पाठवते. आकार, सुरकुती, देठ बघून घेणारा स्वतः पडताळू शकतो.

या वर्षी अडकलेय ती खोला मिरचीवर. काणकोण तालुक्यात पावसाळ्यात डोंगरउतारावर होणारी ही मिरची, २०१९ साली तिला मानांकन मिळालं. माझ्याकडे ती दोन ठिकाणांहून आली, दोन्ही माणसं भरवशाची. एकीचं फळ लांब आणि टोकदार, दुसरीचं थोडं आखूड, खांद्याशी रुंद. फुलं दोन्हींची पांढरी, पानांतही मला फरक सापडला नाही. एकात संकर शिरलाय, की गावातच दोन्ही प्रकार नांदतात, हे गच्चीवर बसून ठरणार नाही. तोवर पुडीवर ‘खोला १’ आणि ‘खोला २’ असं लिहून ठेवलंय, पाठवणाऱ्याच्या वाडीच्या नावासकट. मेमध्ये दोन्ही पेरणार आहे, दोन टोकांना, पोटल्या बांधून. काणकोणकडचं कुणी हे वाचत असेल आणि घरचं बी असेल, तर बदल्यात संकेश्वरी तयार आहे.